डागाचे नाव नीट ठेवा
कातडीच्या विकारांची गावातली नावे आणि दवाखान्यातली नावे

— ऊस विकास अधिकारी, गुरुकुंज मोझरी गट



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा, खताचे हप्ते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. या अंकात मात्र माणसाच्या कातडीविषयी लिहीत आहोत. कारण साधे आहे. गटसभा आटोपते, चहा होतो, आणि मंडळी पांगता पांगता एखादा सभासद बाही वर सारून विचारतो, "साहेब, हे काय असंन बरं?" शेतकीची पदविका म्हणजे काही डॉक्टरकी नव्हे, तेव्हा औषध सांगणे हे आमचे काम नाही आणि ते आम्ही सांगतही नाही. पण त्या प्रश्नावर भोवताली बसलेले चौघे चार नावे सांगतात. एक म्हणतो गजकर्ण, दुसरा म्हणतो शिबं, तिसरा म्हणतो अंगातली उष्णता, चौथा गप्प बसतो आणि मनात भलतेच नाव घेतो. मग ज्याचा आवाज मोठा त्याचे नाव कायम होते आणि त्या नावावर दुकानातून मलम येते. नावाचा हा घोळ सुटावा, एवढ्यासाठी हा लेख.

एक नाव, दोन रोग

पिकातला अनुभव घ्या. आपल्या वऱ्हाडात "लाल्या" हा शब्द पऱ्हाटीलाही लावतात आणि संत्र्यालाही. पऱ्हाटीवरचा लाल्या म्हणजे पाने लाल पडणे. त्यामागे बहुधा मॅग्नेशियम किंवा नत्राची कमतरता असते, थंडी आणि तुडतुडे त्यात भर घालतात. संत्र्याच्या फळावरचा लाल्या ही कोळी किडीची करामत. नाव एकच आहे म्हणून पऱ्हाटीवर कोळीनाशक फवारले, तर पैसा गेला आणि लाल्या जागेवरच.

उसाचेही तसेच. ऊस पिवळा पडला एवढे सांगून भागत नाही. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर तो केवडा, लोहाच्या कमतरतेचा. त्याला फेरस सल्फेट. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडले. आणि बेटात गवतासारखे बारीक, फिकट फुटवेच फुटवे दिसले तर ती गवताळ वाढ. तिला फवारा नाही, बेट मुळासकट उपटावे लागते. रंग पिवळाच, पण नावे तीन आणि उपायही तीन. कातडीवरच्या डागाचेही असेच आहे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे सोपे जाईल.

डॉक्टर आधी काय पाहतात

कातडीच्या डॉक्टरला रोगाच्या नावाची घाई नसते. तो आधी डोळ्यांनी आणि बोटांनी पाहतो आणि जे दिसेल त्याला नाव देतो. ही नावे इंग्रजी वाटली तरी त्यांतल्या बहुतेकांना आपल्याकडे चोख शब्द आहेत.

नुसता रंग बदललेला आणि बोटाला काहीच न लागणारा तो डाग, डॉक्टर त्याला मॅक्यूल म्हणतात. बोटाला लागणारी बारीक, भरीव उंची म्हणजे पुळी, तिचे नाव पॅप्यूल. पाणी भरलेला लहान फोड म्हणजे व्हेसिकल, तोच मोठा झाला की बुला, आणि पू धरला की पश्च्यूल. खोल, टणक गाठ ती नोड्यूल. गांधीलमाशी चावल्यावर किंवा पित्त उठल्यावर येते ती गांधी, डॉक्टरी भाषेत व्हील. वरून सुटतो तो कोंडा किंवा खवले म्हणजे स्केल, आणि लस वाळून बसते ती खपली म्हणजे क्रस्ट.

दोन शब्दांत मात्र आपण गल्लत करतो. व्रण म्हणजे उघडी जखम, अल्सर. आणि जखम भरल्यावर राहते ती खूण म्हणजे वण. दवाखान्यात "पायाला वण आहे" म्हटले तर डॉक्टर समजतात जुनी खूण आहे, आणि "व्रण आहे" म्हटले तर धोतर वर करायला सांगतात. मधुमेही सभासदाने तर हा फरक पक्का लक्षात ठेवावा, कारण त्याच्या पायाचा न भरणारा व्रण थांबू शकत नाही.

ती जड नावेही कुणाच्या तरी गावचीच

डॉक्टरी नावे ऐकून माणूस दबून जातो. पण ती फोडून पाहिली तर ग्रीक आणि लॅटिन लोकांचे घरगुती शब्दच त्यांत निघतात. "हर्पीस" म्हणजे सरपटणारे. आपण त्याच विकाराला नागीण म्हणतो. "झोस्टर" म्हणजे कमरपट्टा, कारण ती कमरेच्या किंवा छातीच्या एका बाजूने पट्ट्यासारखी उठते. "एक्झिमा" म्हणजे उकळून वर आलेले, आपला इसब. "पिटिरियासिस" या नावात धान्याचा कोंडा आहे, आणि आपणही कोंडाच म्हणतो. "टिनिया" म्हणजे कुरतडणारी अळी किंवा कसर. गजकर्णाचा गोल चट्टा कडेने वाढताना पाहून त्यांना कसर लागलेले लोकरीचे कापड आठवले, आपल्या लोकांना हत्तीचा कान आठवला.

आयुर्वेदाची नावे आपल्याला त्याहून जवळची. आपल्या गुरुकुंजातच श्री गुरुदेव आयुर्वेद महाविद्यालय आहे. तिथल्या वैद्यमंडळींच्या तोंडी दद्रु म्हणजे गजकर्ण, पामा म्हणजे खरूज, विचर्चिका म्हणजे इसबासारखा विकार, शीतपित्त म्हणजे अंगावर उठणारे पित्त, इंद्रलुप्त म्हणजे चाई, विपादिका म्हणजे हातापायाच्या भेगा आणि श्वित्र म्हणजे कोड.

नेहमीची मंडळी

*गजकर्ण, नायटा, दाद.* ही बुरशी आहे. चट्टा गोल, कड उठलेली, मध्ये थोडा साफ, खाज भयंकर. जांघ, कंबर, काख, जिथे घाम साचतो तिथे जोर. ओल्या कपड्यांनी आणि घरातल्या एकाच टॉवेलाने पसरतो. खाज थांबली म्हणजे रोग गेला असे नव्हे, औषध सांगितले तितके आठवडे पुरे करावे लागते.

*खरूज.* डोळ्यांना जेमतेम दिसेल अशी कोळी कातडीत बीळ करून राहते. होय, पिकावरच्या लाल कोळीच्याच दूरच्या भावकीतली. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला पुरळ, आणि रात्री खाज अधिक. एकट्याने मलम लावून उपयोग नाही. घरातल्या सर्वांनी एकाच रात्री, मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा. कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुवायचे. शेजारचे एरंडीचे शेत फवारले नाही तर आपल्याकडची कीड हटत नाही, तोच न्याय.

*नागीण.* लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू शिरेत दडून राहतो आणि पुढे कधी तरी एका शिरेच्या वाटेने उठतो. आधी एका बाजूला आग आणि ठणका, मग फोडांचे घोस. तिचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही समजूत आहे. शीर एका बाजूची असल्याने ती सहसा मधली रेषा ओलांडतच नाही. खरा धोका वेळ घालवण्यात. विषाणूवरचे औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झाले तर गुण चांगला येतो. डोळ्याजवळ उठली तर त्याच दिवशी दवाखाना.

*सोरायसिस.* कोपर, गुडघे, डोक्याची कातडी यांवर जाड लाल चट्टे आणि चंदेरी खवले. हा चिकटणारा रोग नाही. त्या माणसाशेजारी जेवायला बसा, हात मिळवा, काही होत नाही.

*गाजर गवताची बाधा.* या गवताची नोंद आपल्या देशात १९५० च्या दशकात पुण्याला झाली आणि पाहता पाहता ते बांधाबांधावर पोहोचले. त्याचे बारीक कण हवेतून येऊन चेहरा, पापण्या, मान आणि कोपराच्या घडीत खाजरा दाह करतात. पुष्कळजण याला "ऊन लागलं" म्हणतात. उसाच्या देठावरच्या कुसेने होणारी खाज तोडणी संपली की थांबते, ही मात्र थांबत नाही. ज्याला एकदा बाधली त्याने ते गवत उपटायला जाऊ नये, दुसऱ्याने हातमोजे घालून फुलोऱ्याआधी उपटावे.

वेष पालटलेला नायटा

आता दुकानातल्या मलमाविषयी. तीन-चार औषधे एकत्र घोटलेली मलमे खेड्यातल्या दुकानातही मिळतात. त्यांत बहुधा एक जबर स्टेरॉईड असते. ते खाज दोन दिवसांत बसवते, म्हणून माणूस खूष होतो. पण स्टेरॉईड बुरशीला मारत नाही. ते कातडीचा प्रतिकार दाबते आणि बुरशी खालून पसरते. चट्ट्याची ओळखीची कड पुसट होते, मग डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही. अशा नायट्याला त्यांनी नावच ठेवले आहे टिनिया इनकॉग्निटो, म्हणजे वेष पालटून हिंडणारा नायटा. मलम जास्त दिवस लावले तर कातडी पातळ होते आणि कायमच्या फाटल्यासारख्या रेघा उमटतात.

सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक स्टेरॉईड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. आणि आपल्या देशात नेहमीच्या औषधांना दाद न देणारा नायटा इतका वाढला, की त्या बुरशीला जपानच्या संशोधकांनी २०२० मध्ये दिलेल्या नावात, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी यात, हिंदुस्थानचे नाव जाऊन बसले. मान मिळावा अशी ही गोष्ट नाही.

फिकट डागाची तीन नावे

आता मुद्द्याची गोष्ट. अंगावर पांढुरका किंवा फिकट डाग दिसला तर तो तीनपैकी कोणता, हे ओळखणे सर्वांत महत्त्वाचे.

पहिले शिबे. छाती, पाठ, मान यांवर अनेक लहान फिकट डाग, नखाने खरवडले तर बारीक कोंडा सुटतो. घामाच्या दिवसांत वाढतात. ही एक यीस्ट जातीची बुरशी, निरुपद्रवी. स्पर्श कळतो.

दुसरे कोड, म्हणजे व्हिटिलिगो. डाग दुधासारखा पांढरा, कड स्पष्ट, कधी त्यावरचे केसही पांढरे. रंग तयार करणाऱ्या पेशी नष्ट झाल्याने होते. चिकटत नाही, जिवाला धोका नाही, स्पर्श शाबूत. याला काही लोक "श्वेतकुष्ठ" म्हणतात. हा शब्द आपण सर्वांनी टाकून द्यावा. कोडाचा कुष्ठरोगाशी काडीचा संबंध नाही, पण त्या एका शब्दापायी पुष्कळ मुलींच्या सोयरिकी मोडल्या आहेत.

तिसरा कुष्ठरोगाचा चट्टा. फिकट, लालसर किंवा तांबूस, एक किंवा अनेक. दुधासारखा पांढरा नसतो. खाजत नाही, दुखत नाही, आणि मुख्य खूण ही की त्या जागी स्पर्श कळत नाही किंवा कमी कळतो. कधी तिथे घाम येत नाही, केस विरळ होतात. कधी चट्टा नसतोच, नुसत्या हातापायाला मुंग्या आणि बधिरपणा.

खाजणारा रोग माणसाला दवाखान्यात ओढून नेतो. हा मात्र काहीच त्रास देत नाही, आणि तिथेच फसगत होते. आमच्या ओळखीच्या एका सभासदाच्या हातावर असा चट्टा होता. गावाने त्याला शिबं ठरवले. "दुखत नाई, खाजवत नाई, मंग कायले दवाखान्यात जायचं?" हे त्यांचे म्हणणे. दीड वर्ष गेले. गुऱ्हाळावर काहिलीच्या काठाला बोटे टेकली, कातडी भाजली, आणि शेजारच्याने ओरडून सांगेपर्यंत त्यांना पत्ता नव्हता. मग तपासणी झाली, बारा महिने गोळ्या झाल्या, रोग बरा झाला. आज ते शेती करतात. पण दोन बोटे वाकडी राहिली ती राहिलीच. पहिल्या वर्षी नाव बरोबर पडते तर बोटे सरळ असती.

"कुष्ठ" शब्दाची कहाणी

हा शब्द उच्चारताना माणसे अडखळतात, म्हणून त्याची हकिकत सांगतो. चरकसंहितेत कुष्ठ हे एका रोगाचे नाव नाही, ते कातडीच्या विकारांच्या मोठ्या कुटुंबाचे नाव आहे. तिथे अठरा कुष्ठे सांगितली आहेत, सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. या अकरांत दद्रु आहे, पामा आहे, पायाच्या भेगाही आहेत. म्हणजे जुन्या शास्त्राप्रमाणे नायटाही कुष्ठच. एखाद्या चूर्णाच्या डबीवर "कुष्ठावर गुणकारी" लिहिलेले असते ते या जुन्या अर्थाने, हे वाचताना ध्यानात ठेवा. पश्चिमेकडेही असेच झाले. ग्रीकांचा "लेप्रा" म्हणजे खवल्यांचा कोणताही रोग. पुढे तो शब्द एका रोगाला चिकटला आणि त्यासोबत साऱ्या जुन्या भीतीही चिकटल्या.

१८७३ मध्ये नॉर्वेतील बर्गेन येथे हॅन्सन या डॉक्टरने या रोगाचा जंतू शोधला. तेव्हा ठरले की हा पापाचा किंवा शापाचा रोग नाही, जंतूचा आहे. म्हणून डॉक्टर त्याला हॅन्सनचा रोग असेही म्हणतात. आपल्याकडे मात्र महारोग, थोरला रोग, रक्तपिती ही नावे चालूच राहिली. रक्तपितीचा घोळ तर दुहेरी, कारण आयुर्वेदातले रक्तपित्त म्हणजे रक्तस्रावाचा निराळाच विकार.

आपल्या विदर्भाने या रुग्णांसाठी जे केले ते देशाने पाहावे असे आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये काम सुरू केले. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन, म्हणजे आपले दाजीसाहेब, यांनी तपोवन उभे केले आणि १९५९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वरोऱ्याला बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापली, त्यातून आनंदवन झाले. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला मिशनचे जुने रुग्णालय आहे. तपोवनच्या संस्थेचे नाव विदर्भ महारोगी सेवा मंडळ आणि तिथल्या वसाहतीचे नाव जगदंबा कुष्ठनिवास. तो काळ असा होता की गाव रुग्णाला वेशीबाहेर काढत असे, म्हणून वेशीबाहेर त्याला घर बांधून द्यावे लागले.

आता तसे वेगळे राहण्याची गरज उरलेली नाही. १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचार, म्हणजे एमडीटी, सुरू झाला. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने गोळ्या घेतल्या की रोग पूर्ण बरा होतो. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात. औषध सुरू होताच थोड्याच दिवसांत रुग्णापासून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका संपतो. मुळात बहुसंख्य माणसांच्या अंगात या जंतूविरुद्ध नैसर्गिक प्रतिकार असतोच. कायदाही बदलला. इंग्रजांनी १८९८ मध्ये केलेला कुष्ठरुग्णांना कोंडण्याचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९ मध्ये कायद्यातून काढून टाकले.

आणखी एक शब्द सांभाळून वापरा, तो म्हणजे "निर्मूलन". डिसेंबर २००५ मध्ये देशाने निर्मूलनाचे उद्दिष्ट गाठले, हे खरे. पण त्याचा सरकारी अर्थ दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण, इतकाच. मुळासकट गेला असा नव्हे. आजही देशात वर्षाला सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात आणि जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपलेच असतात. लव्हाळा वरून खुरपला तरी खाली गाठी राहतात, हे शेतकऱ्याला निराळे सांगायला नको.

सभासदांनी करावयाचे

१. वर्षातून दोनदा, दिवसाच्या उजेडात, घरातल्या प्रत्येकाचे अंग पाहावे. पाठ स्वतःला दिसत नाही, ती दुसऱ्याने पाहावी. स्त्रियांनी संकोच करू नये.

२. फिकट किंवा लालसर डाग असेल तर डोळे मिटायला सांगून कापसाच्या वातीने हलकेच स्पर्श करावा आणि "कुठे लागलं, बोट ठेव" म्हणावे. पऱ्हाटीच्या मुलखात कापसाला तोटा नाही. सुई टोचू नये. बोट चुकले किंवा स्पर्श कळलाच नाही, तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. स्पर्श कळला तरी डाग वाढत असेल तर डॉक्टरला दाखवावेच. घरची परीक्षा ही फक्त सूचना, निदान डॉक्टरचे.

३. आशाताई तपासणीला घरी येतात तेव्हा "आमच्याकडे काही नाही" म्हणून दारातून परत पाठवू नये.

४. नाव माहीत नसेल तर नाव सांगूच नये. डाग किती दिवसांचा, खाज आहे की नाही, स्पर्श कळतो की नाही, घरात आणखी कुणाला आहे का, आणि आधी कोणते मलम लावले, एवढे सांगावे. मलमाची रिकामी नळी सोबत न्यावी.

५. तोडणीवर आलेल्या टोळ्यांतील माणसे दवाखान्याला अनोळखी असतात. कोयता बधिर हातात असला तर जखमेवर जखम होते आणि माणूस बोलत नाही. ज्यांच्या शेतात तोड चालू असेल त्या सभासदांनी टोळीलाही ही परीक्षा समजावून सांगावी.

६. ज्याच्यावर उपचार चालू आहेत त्याला गटसभेत, पंगतीत, लग्नात पूर्वीप्रमाणेच बोलवावे. गोळ्या सरकार देते, पंगतीतले पान आपण मांडायचे असते.

पुढील अंकात खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाविषयी लिहू. तोवर एवढे करा. आज रात्री दिवाबत्ती झाल्यावर बायको-मुलांना हे वाचून दाखवा, आणि उद्या सकाळी उजेडात एकमेकांची पाठ पाहा.